सावलीचं ताट

१

माझं काम सोपं होतं. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य मी मोठ्याने म्हणायचं आणि मुलांनी ते माझ्यामागून म्हणायचं. बाकी सगळं त्सुकुदा सेन्सेई, म्हणजे त्सुकुदा सर, बघायचे. फळ्यावर तेच लिहायचे, अर्थ तेच सांगायचे, कोणी दंगा केला तर ओरडायचेही तेच. मी बाजूला उभी. त्यांनी मान डोलावली की मी वाक्य म्हणायची, हात वर केला की गप्प. पूर्वी या कामाला टेपरेकॉर्डर असायचा, असं ते एकदा हसत म्हणाले होते. मीही हसले. इतकी वर्षं या देशात काढल्यावर कुठे हसायचं ते कळतं.

मी मूळची फिलिपिन्समधल्या इलोइलोची. लग्नाआधी तिथे चांगली वर्गशिक्षिका होते. मग लग्न करून जपानला, शिमानेच्या या डोंगरातल्या गावात आले. नवरा पुढे ओसाकाला गेला तो गेलाच. मी इथेच राहिले. डबे भरण्याच्या कारखान्यात भातावर लोणचं ठेवत उभी राहिले, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या. आणि मग त्या सप्टेंबरात गावच्या शिक्षण कचेरीतून फोन आला. प्राथमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका हवी आहे, ताबडतोब. मला पुन्हा कोणीतरी सेन्सेई म्हणणार होतं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले.

ताबडतोब का, ते पहिल्या दिवशीच कळलं. आधीची सहायक शिक्षिका मॉरा, आयर्लंडची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला बघायला म्हणून गेली ती परत आलीच नव्हती. फोन लागत नव्हता, मेलला उत्तर नव्हतं. पण तिने राजीनामाही दिलेला नव्हता, त्यामुळे कागदोपत्री जागा तिची. मी आपली बदलीवर. ती येईपर्यंत.

तिची कुठे म्हणून आठवण नव्हती? शिक्षकांच्या खोलीतलं माझं टेबल तिचं होतं, त्यावरचा मेंढीच्या चित्राचा कप तिचा होता. शाळेच्या दारातल्या बुटांच्या कपाटात एका खणावर तिच्या नावाची चिठ्ठी होती आणि आत तिचे शाळेत घालायचे पांढरे बूट जपून ठेवलेले होते. माझे बूट ठेवायला खण नव्हता, म्हणून मी दिवसभर पाहुण्यांच्या हिरव्या सपाता घालून फटक फटक करत फिरायची. मुलांना इंग्रजीत 'कसे आहात' विचारलं की ती मॉराने शिकवलेलं उत्तर द्यायची, आयरिश लोक देतात तसं. भाजीच्या दुकानातली बाईसुद्धा मला सुटे परत देताना म्हणायची, "मॉरा सेन्सेईंचं इंग्रजी अगदी टीव्हीतल्यासारखं हो. पण तुमच्याकडचंही चांगलंच असतं म्हणे."

सरळच सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. जिला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, तिचा.

२

दुपारचं जेवण वर्गातच असतं. पांढरे एप्रन आणि टोप्या घातलेली मुलं खालून पातेली आणतात, रांगेने वाढतात, आणि सगळ्यांची पानं मांडून झाल्याशिवाय कोणी घास घेत नाही. मला सहावीच्या वर्गात जेवायला बसवलं होतं. पहिल्या दिवशी खिडकीपाशी एक रिकामं बाक दिसलं. त्यावर ताट मांडलेलं होतं आणि ताटात काळ्या लाखेचा, झाकण असलेला वाडगा होता. शाळेत असले वाडगे नसतात. मला वाटलं, नव्या शिक्षिकेचं कौतुक. मी जाऊन बसले.

"सेन्सेई, ते तुमचं नाही," वाकाना म्हणाली. दोन वेण्यांची, सरळ बघून बोलणारी मुलगी. वाढण्याची सगळी व्यवस्था तिच्या हातात असायची.

"मग कोणाचं?"

"मॉरा सेन्सेईंचं. कागेझेन आहे ते."

मी उठले. सगळा वर्ग बघत होता.

कागेझेन म्हणजे सावलीचं ताट. घरचं माणूस लांब गेलं, कधी येईल ते माहीत नसलं, की जुन्या घरांमधून त्याच्या नावाने रोज ताट वाढून ठेवतात. म्हणजे ते जिथे कुठे असेल तिथे उपाशी राहत नाही. घरातल्यांचं जेवण झालं की वाडग्याचं झाकण उचलून बघायचं. झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरले असतील तर माणूस सुखरूप आहे. माझ्या सासूने ओसाकाला गेलेल्या लेकासाठी वर्षभर असं ताट मांडलं होतं. मी नाही मांडलं. मला तो उपाशी चालला असता.

पण हे घरात करायचं. शाळेत, आणि तेही इंग्रजीच्या सहायक शिक्षिकेसाठी, मी कधी ऐकलं नव्हतं. त्सुकुदा सेन्सेई ओशाळून म्हणाले, "मुलांचं खूळ आहे. वाडगा वाकानाच्या आजीने दिलाय. मोडता घालवत नाही हो."

जेवणं झाली. वाकानाने दोन्ही हातांनी झाकण उचललं आणि उलटं धरलं. सगळी मुलं माना लांब करून बघायला लागली. थेंब होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मग निमूट ताटं गोळा करायला लागली.

"वाकाना," मी म्हणाले, "गरम सूप झाकून ठेवलं की वाफ धरणारच. कोणीही असलं नसलं तरी."

"माहितीये. विज्ञानात झालंय आम्हाला."

"मग?"

"मग काय? थेंब आहेत ना." तिने झाकण फडक्यात गुंडाळलं. "सेन्सेई, तुमच्यासाठी घरी कोणी मांडतं का?"

मी म्हणाले, मी काही प्रवासाला गेलेली नाही, मी इथेच राहते. तिने मान डोलावली. तिला ते पटलेलं दिसलं.

३

हिवाळाभर हे असंच चाललं. मी रोज टाळ्या ऐकायची आणि रोज मनात म्हणायची की वाफ आहे, वाफ. इलोइलोला मी मुलांना विज्ञानही शिकवलं होतं. तरी टाळ्यांचा आवाज झाला की मी हातातला घास खाली ठेवायची. ख्रिसमसला मी मुलांसाठी नारळाच्या वड्या केल्या होत्या. त्यांनी छान छान म्हणून खाल्ल्या आणि एकाने विचारलं, मॉरा सेन्सेईंसाठी एक ठेवायची का. ठेवली. सगळ्यांत मोठी.

फेब्रुवारीत एकदा जेवणात सूप नव्हतं. कधी कधी नसतं. त्या दिवशी गोड म्हणून दुधाची जेली आणि फळांच्या फोडी होत्या, खालच्या फ्रीजमधून थेट आलेल्या, इतक्या गार की दात शिवशिवावेत. वाकानाने त्याच वाडग्यात घालून झाकण ठेवलं. मी माझं जेवण सोडून त्या झाकणाकडे बघत होते. आज काय दाखवणार, मला बघायचंच होतं.

झाकण उचलल्यावर थेंब नव्हते. आतून पाणी वाहत होतं. इतकं, की ते वाकानाच्या मनगटावरून ओघळून बाहीत गेलं. टाळ्या नेहमीपेक्षा मोठ्या झाल्या.

वर्गात शेगडी पेटलेली होती. गार भांड्याला दमट हवेत पाणी सुटतं, हे मी स्वतःला सांगितलं. पण ते बाहेरून सुटतं. आतून नाही. साफसफाईच्या वेळी मी खिडक्यांच्या काचा पुसत होते आणि एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला सहावीचं इंग्रजी होतं. वस्तू कुठे आहे ते सांगायचा धडा. त्सुकुदा सेन्सेईंनी मान डोलावली.

"पुस्तक टेबलावर आहे," मी इंग्रजीत म्हणाले.

"पुस्तक टेबलावर आहे," वर्ग म्हणाला.

"मांजर पेटीत आहे."

"मी पुलापाशी आले आहे," वर्ग म्हणाला.

सगळे एका सुरात म्हणाले. कोणी अडखळलं नाही, कोणी हसलं नाही. बाकांवर हात जोडून, माझ्याकडे बघत, रोज म्हणतात तसं. मी त्सुकुदा सेन्सेईंकडे बघितलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली, पुढचं वाक्य.

तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "मांजराच्या वाक्याला मुलं काय म्हणाली, तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं ना. मांजर पेटीत आहे." ते म्हणाले. "मीही तेच विचारणार होतो. तुम्ही काय केलंत? उच्चार एकदम सुधारलेत. मॉरा सेन्सेई होत्या तेव्हा असे असायचे."

मला भीती वाटायला हवी होती. नंतर वाटलीच. पण आधी काय वाटलं ते सांगते. माझ्यामागून म्हणताना त्या मुलांनी इतका सुरेख उच्चार कधी काढला नव्हता. मी त्यांच्यासाठी घसा फोडत होते, आणि हे त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी उचललं होतं.

४

पूल म्हणजे गावाबाहेरचा. बस तिथे थांबते. तिथून शाळेपर्यंत सरळ चढ आहे.

मी घरी बसून विचार केला. कान वाजतात माणसाचे. वय होतंय, झोप कमी झालीय, मार्च जवळ आलाय. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कचेरीची बैठक होती आणि त्यात पुढच्या वर्षीच्या जागा ठरायच्या होत्या. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. ही जागा गेली तर पुन्हा वृद्धाश्रम, पुन्हा रबराचे हातमोजे. आणि तिथे मला कोणी सेन्सेई म्हणणार नव्हतं.

उपमुख्याध्यापक सोनोदांनी एक दिवस मला टेबलापाशीच गाठलं. कोणीतरी गरम पाण्याच्या झऱ्यांना जाऊन आलं होतं आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या टेबलावर एकेक मिठाई ठेवली होती. माझ्या टेबलावर दोन होत्या.

"एक तुमची, एक त्यांची," सोनोदा म्हणाले. "ठेवणाऱ्याची चूक नाही हो, सवय आहे. बरं, लिगाया सेन्सेई, बैठकीचं तुम्हाला माहीतच आहे. आम्ही तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलंय. वक्तशीर आहेत, वगैरे."

"म्हणजे मी राहणार?"

"तेच तर. मॉरा सेन्सेई आल्या तर अर्थात..." ते वाक्य इथली माणसं सोडतात तसं अर्धं सोडून ते कपाळ चोळायला लागले.

"त्यांचा काही निरोप आलाय का?"

"निरोप नाही. पण सहावीची मुलं म्हणतात, आमच्या निरोप समारंभाआधी त्या येतात. अगदी ठामपणे सांगतात."

"मुलांना कसं कळलं?"

"मुलं ती." ते हसले. "पण आल्या तर बरंच होईल ना. सगळ्यांनाच बरं वाटेल."

मी त्यांच्यासमोर दोन्ही मिठाया खाल्ल्या. त्यांनी दुसरीकडे बघितलं.

त्या आठवड्यात वर्ग म्हणाला, मी फाटकाशी आहे. मी चेंडूचं वाक्य म्हणाले होते. मी खिडकीतून खाली पाहिलं. फाटकाशी बर्फाचा ढीग होता आणि शाळेचा शिपाई फावड्याने तो बाजूला करत होता. दुसरं कोणी नव्हतं. शिपाई मात्र मध्येच थांबला, कोणाला वाट द्यावी तसा एका बाजूला झाला आणि वाकून नमस्कार करून पुन्हा कामाला लागला.

त्या दिवशी जेवणानंतर वाडगा उचलायला मी स्वतः गेले. आत सूप अर्ध्यावर आलं होतं.

वर्गात दाइगो नावाचा एक मुलगा होता, जो शेजारच्याचं उरलंसुरलंही संपवायचा. मी त्याला बाजूला घेतलं. "दाइगो, खरं सांग. तू प्यायलास?"

"मी?" तो खरोखर दुखावला. "सेन्सेई, मी खादाड आहे, पण एवढा नाही. लांबून येणाऱ्याचं कोण खाईल?"

"मग कोणी खाल्लं?"

"ज्यांचं होतं त्यांनी." तो माझी समजूत घालायच्या सुरात बोलला. "मार्ग चढाचा आहे ना. भूक लागत असेल."

संध्याकाळी मी त्सुकुदा सेन्सेईंना म्हणाले की हे ताट आता बंद करू या. मुलांच्या मनावर परिणाम होतो. त्यांनी बराच वेळ पेनाची उघडझाप केली. "थोडेच दिवस राहिलेत हो त्यांचे शाळेतले. विरस कशाला करायचा? त्यांनी दुसरं काही मागितलंय का?" मी नाही म्हणाले. आणि मला विचारावंसं वाटत होतं की मी कधी काही मागितलंय का.

५

मार्चच्या सुरुवातीची एक सकाळ. पुन्हा बर्फ पडलं होतं. मी शाळेच्या दारात बूट काढले, सपाता घेतल्या आणि सवयीने तिच्या खणाकडे नजर टाकली. पांढरे बूट नव्हते. त्यांच्या जागी तपकिरी रंगाचे बाहेरचे बूट होते, बाईचे, पण मोठे. नाड्यांमधलं बर्फ वितळून खालच्या खणात ठिबकत होतं.

कोणी पालक आली असेल, चुकून तो खण वापरला असेल. मी सोनोदांना विचारलं, आज भेटायला कोणी आलंय का. ते म्हणाले, नाही बुवा. मी त्यांना कपाटापाशी घेऊन गेले. त्यांनी बूट बघितले, आणि त्यांचा चेहरा असा काही मऊ झाला, जसा माझ्याशी बोलताना कधी झाला नव्हता. "बरं, बरं," ते म्हणाले आणि घाईने शिक्षकांच्या खोलीत गेले.

चौथा तास सहावीचा. मी ठरवलं होतं की आज पुस्तकातलं काही म्हणायचंच नाही. बघू या काय करतात. त्सुकुदा सेन्सेईंनी मान डोलावली. मी तोंड नुसतं उघडलं. आवाज काढला नाही.

"मी जिन्यावर आहे," वर्ग म्हणाला.

"छान," त्सुकुदा सेन्सेई म्हणाले.

मग घंटा झाली आणि मुलं नेहमीसारखी एप्रन घालून पातेली आणायला पळाली. त्यांना जिन्यावर कोणी भेटलं का, हे मी विचारलं नाही. वरणासारखं दाट डुकराच्या मांसाचं सूप होतं, भात, तळलेला मासा, दूध. वाकानाने लाखेचा वाडगा भरला, झाकण ठेवलं, ताट खिडकीपाशी नेऊन मांडलं. मग सगळे आपापल्या जागी बसले. जेवायच्या आधी जे म्हणायचं ते म्हणायला वाकानाने हात जोडले आणि ती थांबली.

"सेन्सेई, जरा थांबू या," ती त्सुकुदा सेन्सेईंना म्हणाली.

"थांबू या," ते म्हणाले.

सूप निवायला लागलं. स्पीकरवर जेवणाच्या वेळचं पियानोचं संगीत चालू होतं. ते संपलं आणि मग जिन्यावरचा आवाज ऐकू आला. रबरी तळव्यांचे बूट फरशीवर कुरकुरतात तो. माझ्या सपातांचा असा आवाज होत नाही. एकेक पायरी चढून तो वर आला, व्हरांड्यातून पुढे आला आणि आमच्या दाराशी थांबला.

आमच्या वर्गाच्या सरकत्या दारांना धुरकट काच आहे. पलीकडे कोणीतरी उंच उभं होतं. काचेतून रंग कळत नाहीत, नुसता आकार कळतो. खांदे, मान, आणि दारावर ठेवलेला हाताचा पंजा.

मुलांनी माना वळवल्या होत्या. मी दाराकडे पाहणं सोडून त्यांच्याकडे पाहिलं. सगळे चेहरे वर उचललेले, ओठ उघडे. दाइगोच्या डोळ्यांत पाणी होतं. वाकानाने, त्या कडक मुलीने, दोन्ही वेण्या हातात घट्ट धरल्या होत्या. सप्टेंबरपासून मी त्यांच्यापुढे उभी होते. रोज, ताप असताना, बर्फातून चालत येऊन. एकाही मुलाने एकदाही माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. आणि ही नुसती दाराबाहेर उभी होती.

माझ्या अंगात इतका जळफळाट उसळला की भीतीला जागाच उरली नाही. मी उठले, खिडकीपाशी गेले, तिच्या खुर्चीवर बसले. झाकण काढून फेकलं. वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला.

वाडग्याच्या कडेवरून मला दार दिसत होतं. काचेपलीकडच्या आकाराने दारावरचा हात काढला. दोन्ही हात तोंडापाशी नेले. मी मान मागे टाकून पीत होते आणि ती पलीकडे तशीच मान मागे टाकत होती. मी गिळलं की तिचा गळा हलत होता. मी थांबू शकत होते. थांबले नाही. तळाशी गाजराचा एक तुकडा राहिला होता, तोही मी बोटाने काढून खाल्ला.

वाडगा खाली ठेवला तेव्हा काचेपलीकडे कोणी नव्हतं, नुसता व्हरांड्यातला उजेड होता.

मुलांच्या माना दाराकडून हळूहळू माझ्याकडे वळल्या. चेहरे तसेच होते.

"मॉरा सेन्सेई," वाकाना म्हणाली, "परत आलात."

६

मी त्यांना सांगू शकले असते. मी लिगाया आहे, आंधळ्या आहात का सगळे, असं म्हणू शकले असते. मी तोंड उघडलंही. पण तोवर एका मुलीने माझ्या कमरेला मिठी घातली होती, दाइगो माझी बाही धरून हुंदके देत होता आणि बाकीचे एकमेकांना ढकलत मला शिवायला बघत होते. त्सुकुदा सेन्सेई उभे राहून खोल वाकले. "किती लांबून आलात," ते म्हणाले. आणि माझ्या तोंडून, घरी परतलेलं माणूस उंबऱ्यात म्हणतं, तेच निघालं. आले मी.

सोनोदांनी हातात हात घेतला. खणावरची चिठ्ठी नवी लावली, जुनीच्या जागी, त्याच नावाची. कचेरीच्या बैठकीत चर्चासुद्धा झाली नाही. भाजीवाली बाई मला बघून दुकानाबाहेर आली आणि पिशवीत दोन संत्री जास्त टाकली. आता वर्गात मी जे म्हणते तेच मुलं म्हणतात. मांजर पेटीत असतं. त्सुकुदा सेन्सेई डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, हा खरा उच्चार. तो तर माझाच उच्चार आहे, इलोइलोचा, पहिल्या दिवसापासूनचा.

मला सगळं मिळालं. एक दिवस मी सोनोदांना सहज विचारलं, "इथे एक बदलीच्या शिक्षिका होत्या ना, त्या कुठे गेल्या?"

"त्या होय." ते आठवायला लागले. "वक्तशीर होत्या. त्यांचं काम संपलं ना, तुम्ही आल्यावर."

"कुठे गेल्या पण?"

"चौकशी करायला हवी होती, नाही का?" ते म्हणाले आणि चहा ओतून घ्यायला गेले.

त्या दुपारी मी सहावीत जेवायला गेले तर खिडकीपाशी बाक नव्हतं. नव्हतं म्हणजे मुलांनी ते उचलून अडगळीच्या खोलीत ठेवलं होतं, कारण आता ते लागणार नव्हतं. मला मधोमध जागा केली होती. सगळ्यांच्या ताटांवरून माझी नजर फिरली. एकही ताट जास्तीचं नव्हतं.

"वाकाना," मी म्हणाले, "लिगाया सेन्सेईंसाठी ताट मांडायचं नाही का?"

वाकानाने पळी हातात धरून विचार केला. ती सभ्य मुलगी आहे, तिने खरंच विचार केला. "पण त्या तर इथेच राहायच्या ना? त्यांनीच सांगितलं होतं. मग त्यांना कशाला?"

"त्या आता इथे नाहीत. कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही."

"हो का," ती म्हणाली. बाकीच्यांनी पण हो का म्हटलं. दाइगो म्हणाला, "शिवाय वाडगा आजीने परत मागितलाय." मग त्यांनी हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नव्हता, वाईट वाटणंही नव्हतं. मी सप्टेंबरपासूनचे सगळे दिवस एकेक करून आठवले, नारळाच्या वड्या आठवल्या, आणि मॉराचा हेवा मला कधी वाटला नव्हता इतका त्या क्षणी वाटला. तिच्यासाठी हिवाळाभर रोज ताट होतं.

मी जेवले. भात संपवला, मासा संपवला, सूप संपवलं. संपवून बघते तर पोटात काहीच गेलं नव्हतं. हल्ली रोज असंच होतं. कोणीतरी कुठल्यातरी चढावर रिकाम्या पोटाने चालत असावं, तशी भूक लागते. घरी जाऊन मी पुन्हा भात लावते, तोही संपतो.

वाकानाला माझ्या रिकाम्या ताटाचं कौतुक वाटतं. ती पातेलं घेऊन परत माझ्यापाशी येते.

"अजून घ्या, मॉरा सेन्सेई. प्रवासाची भूक आहे ती, अशी लगेच जायची नाही."

मी वाडगा पुढे करते.